भिंतीला रंग काढण्याआधी



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी तीन हजारांचं कर्ज मागितलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, खोलीला रंग काढायचाय. पोपडे पडलेत, कोपरा काळा झालाय, धाकटा रात्रभर खोकतो. कारण खरं होतं, परतफेड वेळेवर होती, आम्ही कर्ज मंजूर केलं. ताईंनी चांगल्यातला ऑइलपेंट आणला, नवराबायकोने दोन रविवार खपून भिंत गुळगुळीत केली. जुलैत आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या रंगाला पुरीसारखे फुगे आले होते. एक फुगा नखाने टोचला तर आतून पाणी ओघळलं. कपाट पुढे ओढलं तर मागे बुरशी होतीच, आधीपेक्षा जास्त.

त्या कर्जाला आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. पण हे पाणी येतंय कुठून, असं एकीनेही विचारलं नव्हतं. आजचं बोलणं त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्या घाटाकडच्या तालुक्यांत पाऊस लागला की चार महिने हटत नाही. गावातल्या आपल्या घरात ओल आली तर आपण शेण-माती, चुना, पत्रा, काहीतरी करतोच. पण मुलांच्या कॉलेजसाठी, एमआयडीसीतल्या कामासाठी तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या कितीतरी जणी आहेत. तिथली भिंत आपली नसते. खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. मग बाई काय करते? भिंतीला कॅलेंडर लावून डाग झाकते, कपाट पुढे सरकवते, आणि फारच झालं तर स्वतःच्या पैशाने रंग काढते. ताईंनी तेच केलं.

आधी एक गोष्ट ओळखायला शिकू. भिंतीवर पांढरं, पिठासारखं किंवा कापसासारखं काही आलं की आपण सरसकट बुरशी म्हणतो. ती नेहमी बुरशी नसते. बऱ्याचदा तो लोणा असतो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी वाळून जातं आणि क्षार बाहेर राहतो. त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर लोणा. बुरशी विरघळत नाही, पुसल्यावर बोटाला काळी-हिरवी लागते आणि तिला तो कोंदट वास येतो, पावसाळ्यात बंद ट्रंक उघडल्यावर येतो ना, तसा. लोण्याने भिंत खराब होते, आणि बुरशीने माणसाची छाती. दोन्ही एकाच भिंतीवरही असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर एक मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलंय की ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वासाचे आजार जास्त होतात आणि ज्यांना दमा आहे त्यांचा दमा वाढतो. मुलं, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना आधी त्रास होतो. ताईंच्या धाकट्याला डॉक्टरांनी दोनदा औषध दिलं, दोनदा बरं वाटलं. औषध संपलं की पुन्हा तेच, कारण रात्री तो झोपायचा त्याच भिंतीला डोकं लावून. इथे एक मात्र बजावून सांगतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर ‘ओलीचा खोकला आहे’ म्हणून घरात ठेवू नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आशाताईंना विचारा. ओल आणि क्षय दोन्ही एकाच घरात असू शकतात.

आता पाणी येतं कुठून ते पाहू. वरून येणारं पाणी ओळखायला सोपं. कौल फुटलंय, पत्र्याच्या खिळ्याचं वायसर गेलंय, स्लॅबला तडा आहे, वरच्या मजल्याची मोरी गळतेय. डाग छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात दिसतो, पावसाच्या सरीबरोबर वाढतो. वरच्या मोरीचा असेल तर पाऊस नसतानाही वाढतो, एवढा फरक ध्यानात ठेवा.

जमिनीतून चढणारी ओल वेगळी. ती खालून वर येते, साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि भिंतभर एक आडवी रेघ दिसते. रेघेच्या काठाला लोणा. जुन्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो, मग वीट असो की जांभा, दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढून घेतं. तिसरी वाट म्हणजे बाजूने येणारी झड आणि पागोळ्यांचं पाणी. पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीवर उडतात, आणि रोज उडतात. आपल्या आज्या पावसाच्या तोंडच्या भिंतीला गवताचा नाहीतर झापांचा आडोसा बांधायच्या ते उगाच नव्हे.

चौथी वाट आपल्याच हातातली. आपण आत जे पाणी करतो ते. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, पाच माणसांचा रात्रभरचा श्वास. आणि एक गोष्ट आम्हालाही नवीन होती: गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाण्याची वाफ निघते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की वीस लिटरपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन घरात आलेलं असतं. म्हणजे एक मोठी कळशीभरून पाणी, आणि ते दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी बंद असेल तर ही वाफ सगळ्यात गार जागी जाऊन बसते. कपाटामागची भिंत, पलंगाखालचा कोपरा, ट्रंकेचं बूड. बुरशी नेमकी तिथेच का येते ते यावरून कळेल.

ताईंच्या घरमालकांचं म्हणणं हेच होतं. तुम्ही आत कपडे वाळवता, खिडकी उघडत नाही, म्हणून ओल. ताईंचं म्हणणं, भिंतच पाझरते. दोघंही तावातावाने बोलत होती. आमच्या गटातल्या एकीचे भाऊ गवंडीकाम करतात, त्यांनी एक साधी युक्ती सांगितली. जाड प्लास्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा घ्यायचा, भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसायचा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने प्लास्टिक घट्ट लावून टाकायचं. दोन दिवसांनी बघायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ते खोलीतल्या वाफेचं. शिवाय डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. आठवड्याने डाग रेघेच्या पुढे गेला का, ते सांगायला मग साक्षीदार लागत नाही.

आम्ही दोन ठिकाणी प्लास्टिक लावलं. रस्त्याकडच्या भिंतीला खाली लावलेल्या तुकड्याच्या आतून पाणी निघालं. कपाटामागच्या भिंतीला मात्र आतली बाजू कोरडी आणि बाहेरून दव. म्हणजे अर्धं घरमालकांचं खरं, अर्धं ताईंचं.

रस्त्याकडच्या भिंतीला काय झालं होतं ते बाहेर जाऊन पाहिल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी पुढचा रस्ता सिमेंटचा झाला. जुना न उकरता त्याच्यावरच नवा ओतला, त्यामुळे रस्ता वर आला आणि खोलीचं जोतं खाली गेलं. रस्त्याचं पाणी भिंतीशी तुंबायचं, वर कुणीतरी भरावाची माती टाकून ठेवलेली. ही चूक ना ताईंची ना घरमालकांची. पण ते पाहायला पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारायला हवी होती, आणि ती आमच्यापैकी कुणी मारली नव्हती. आता आम्ही सगळ्याजणींना सांगतो, धो धो पाऊस पडत असताना एकदा घराला फेरी मारा. उघडीप झाल्यावर गेलात तर काही दिसणार नाही.

उपाय फार मोठा निघाला नाही. भिंतीलगतची माती उकरून जोतं मोकळं केलं, हातभर अंतरावर चर खणून पाणी गटाराकडे उतरवलं, पागोळ्या पडतात तिथे खडी पसरली आणि वळचणीला मोठा पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ लावली. सामान घरमालकांनी आणलं, खणायचं काम ताईंच्या यजमानांनी आणि शेजारच्या भाडेकरूंनी केलं. रस्त्याच्या पाण्याचा अर्ज वॉर्डातल्या बायकांनी सह्या करून दिलाय, त्यावर अजून काही झालेलं नाही.

भिंत मात्र लगेच वाळत नाही. नऊ इंची भिंतीत मुरलेलं पाणी निघायला कित्येक महिने लागतात. आपल्याकडे दिवाळीला रंग काढायची पद्धत आहे. ओल आलेल्या भिंतीसाठी ती वेळ सगळ्यात वाईट. पाऊस नुकता संपलेला असतो, भिंत पोटातून ओली असते, आणि आपण तिच्यावर रंग चढवतो. त्यापेक्षा दिवाळीत पोपडे आणि जुना ऑइलपेंट खरवडून भिंत उघडी ठेवा, दिसायला वाईट दिसली तरी चालेल. मार्च-एप्रिलपर्यंत ऊन-वारा लागू द्या, मग चुना काढा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो आणि चुन्यावर बुरशी सहज धरत नाही. ऑइलपेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. जुन्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तरी तेच होतं, पाणी आत अडकतं आणि आणखी वर चढतं.

खोलीतल्या वाफेचं ताईंनी स्वतः पाहिलं. कपाट आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. ट्रंक विटांवर ठेवली. भात शिजताना झाकण आणि खिडकी उघडी. आता पावसाळ्यात बाहेरची हवाही दमटच असते, त्यामुळे खिडकी दिवसभर सताड उघडी ठेवून झड आत घ्यायची गरज नाही. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी, आणि उघडीप असेल तेव्हा, समोरासमोरची दार-खिडकी उघडून वारा आरपार जाऊ द्यायचा. कपडे वाळवायचा प्रश्न खरा अवघड आहे, त्याला आमच्याकडेही पक्कं उत्तर नाही. पडवी असेल तर पडवीत. नसेल तर आतच घालावे लागतात, पण मग घट्ट पिळून, पंख्याखाली आणि खिडकीजवळ, झोपायच्या कोपऱ्यात नाही. कपडे किंवा खोली वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच पेटवू नका. तिच्या विषारी वायूने झोपेत माणसं मरतात, वासही येत नाही. धुरी देण्याबद्दल पुष्कळजणी विचारतात. कडुनिंबाच्या धुरीने बुरशी जात नाही, आणि दम्याच्या मुलाला धूर वाईटच.

बुरशी साफ करताना कोरड्या झाडूने झाडायची नाही. तिची बारीक पूड हवेत उडते आणि आपल्याच छातीत जाते. नाकाला घट्ट रुमाल, हातात पिशवी किंवा मोजे, मुलांना शेजारी पाठवायचं, दार-खिडकी उघडायची, आणि साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यायचं. मग कोरड्या फडक्याने पुसून पंखा लावायचा. फडकं फेकून द्यायचं. कुणाला दमा असेल तर तिने हे काम करू नये. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो, तो जिवावर बेततो. कापसाची गादी आतून काळी पडली असेल तर ती वाळवून काम होत नाही, जड मनाने टाकावी लागते.

धान्याबद्दल एकच सांगतो. शेंगदाणे, मका यांना बुरशी आली असेल तर धुऊन, वाळवून, भाजून खाऊ नका. काही बुरशींचं विष यकृताला बाधतं आणि ते भाजल्याने मरत नाही. पोतं जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवूच नये. पापड-मसाल्याचं काम भाड्याच्या खोलीत करणाऱ्या गटांनी तर हे आधी पाहावं.

आणि ओल्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल, हात लावला की मुंग्या येत असतील, तर तो विषय त्याच दिवशीचा. मेन स्विच बंद, घरमालकांना फोन, वायरमन. बाकीच्या दुरुस्तीला थांबता येतं, याला नाही.

आता घरमालकांशी बोलायचं कसं. पहिलं बोलणं तोंडीच करा, आणि तक्रार म्हणून नको. “काका, भिंत खराब होतेय, तुम्ही एकदा येऊन बघा” एवढंच. भिंत त्यांची आहे, ओल वाढली तर नुकसान त्यांचंच होतं. पण बोलणं झालं की कागद करा. साधा अर्ज: कधीपासून ओल आहे, कुठल्या भिंतीला, काय करून हवं आहे, तारीख, सही. दोन प्रती काढा, एकीवर त्यांची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पेन्सिलीच्या रेघेसकट फोटो मोबाइलमध्ये ठेवा. भाडं दर महिन्याला द्या आणि पावती घ्या. रागाने भाडं थांबवलं की मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि आपणच थकबाकीदार ठरतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतरही मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर वर्षाचे चोवीस हजार, म्हणजे जास्तीत जास्त सहा हजार.

ऐकायला छान वाटतं, पण दोन अडचणी आहेत आणि त्या लपवणं बरोबर नाही. हा कायदा मुख्यतः शहरं आणि नगरपालिकांच्या गावांना लागू आहे, सगळ्या खेड्यांना नाही. आणि आजकाल बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिल्या जातात. त्यात आपण कायद्याने भाडेकरू नसतो, नुसती राहायची परवानगी असते, म्हणून कलम १४ वर विसंबता येत नाही. तिथे करारात जे लिहिलंय त्यावरच सगळं ठरतं. म्हणून सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: छत, बाहेरच्या भिंती आणि नळगळतीची दुरुस्ती मालकाने करायची, आणि ओलीने खराब झालेल्या रंगाचे पैसे अनामतीतून कापायचे नाहीत. ताईंच्या करारात अशी ओळ नव्हती. तुमचंही तसंच झालं असेल तर नवीन अकरा महिने लिहिताना ती घाला. करार लेखी करणं आणि त्याची नोंदणी करणं ही याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. वाद फारच वाढला तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

कायद्याने भांडून खोली सोडावी लागली तर मुलांची शाळा मध्येच तुटते, हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून ताईंच्या वेळी आम्ही गटाच्या तीन जणी घरमालकांकडे गेलो, नोटीस न देता, प्लास्टिकचा तो तुकडा घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते आमच्याबरोबर पावसात बाहेर आले.

नवीन खोली बघायला जाणाऱ्यांनी शक्य झालं तर पावसाळ्यात बघावी. मे महिन्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा. कपाट हलवून मागे बघा, दार बंद करून वास घ्या, जोतं रस्त्यापेक्षा वर आहे का पाहा. आणि शेजारच्या बाईला विचारा. ती खरं सांगते.

ताईंच्या रस्त्याकडच्या भिंतीवर गेल्या ऑगस्टची रेघ कमरेला आहे. या ऑगस्टची गुडघ्याच्या खाली आहे. पूर्ण कोरडी नाही, रस्त्याचं पाणी थांबेपर्यंत होणारही नाही. धाकट्याचं अंथरूण समोरच्या भिंतीकडे हलवलंय, खोकला कमी आहे, दवाखाना चालू आहे. तीन हजारांचे शेवटचे दोन हप्ते बाकी आहेत. आणि गटाच्या कर्जाच्या अर्जात, घरदुरुस्तीच्या रकान्याखाली, आम्ही एक ओळ हाताने वाढवली आहे: ‘पाणी कुठून येते ते पाहिले का?’